मापाचा घास

घरात एखादा जीव आणला की त्याच्या पोटाची जबाबदारीही त्याच्याबरोबर उंबरा ओलांडून येते. गाय हंबरते, पोपट ओरडतो, मांजर पायांत घोटाळते. भुकेची वर्दी देण्याची प्रत्येकाची आपली रीत असते. मासा मात्र मुका. तो काचेपाशी येतो, तोंड उघडतो, मिटतो, आणि पाहणारा आपापल्या मनाप्रमाणे त्याचा अर्थ लावतो. बहुतेकांना तो अर्थ एकच दिसतो, की याला भूक लागली आहे. घरगुती टाकीतले मासे दगावतात त्याला हा गैरसमज फार वेळा कारण होतो. निरोगी, वाढलेला मासा आठवडाभर अन्नावाचून सहज राहतो; मात्र दोन दिवसांच्या अतिलाडाने सगळी टाकी रिकामी होऊ शकते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही वाचताना डोळ्यांसमोर सामान्यतः गोठ्यातले जनावर किंवा गाडीला जुंपलेला बैल येतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीकडे त्या दृष्टीने कोणी पाहत नाही. वास्तविक पाचांपैकी पहिला आणि शेवटचा, म्हणजे कोंडून ठेवणे आणि खाणेपिणे अडवणे, हे दोन्ही त्या टाकीला नेमके लागू पडतात. देशाचा कायदाही याच दोन गोष्टी वेगळ्या शब्दांत सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात 'प्राणी' म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. त्याच्या ११ व्या कलमात हालचालीला अपुऱ्या पडणाऱ्या जागेत प्राणी कोंडणे आणि मालकाने त्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, ही दोन्ही कृत्ये क्रूरतेत मोडतात. बोटभर लांबीचा गोल्डफिशही या व्याख्येबाहेर राहत नाही.

वालचंदनगरच्या बाजारपेठेतील एका किराणा-भुसार व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न एका दिवाळीनंतर अकस्मात उभा राहिला. घरात तीन पिढ्या. नातवाच्या हट्टासाठी तीन फूट लांबीची काचेची टाकी आणलेली, तीत पाच गोल्डफिश. दिवाळीत सारे कुटुंब सहा दिवस नातेवाइकांकडे गेले आणि माशांना खाऊ घालण्याचे काम शेजारच्या वहिनींनी आपण होऊन अंगावर घेतले. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. मासे धावून येत, तेव्हा वहिनींना समाधान वाटे. कुटुंब परतले तेव्हा पाणी ताकासारखे पांढुरके झाले होते, त्याला दर्प येत होता, आणि पाचांपैकी तीन मासे पाठीवर तरंगत होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या मायेत कसूर नव्हती. त्यांच्या हाती माप मात्र कोणी दिले नव्हते.

या घटनेमागचे गणित व्यापाऱ्याला समजण्याजोगे आहे. टाकीत पाणी सुमारे १४० लिटर. पाच मासे मिळून २०० ग्रॅम वजनाचे धरले, तर शरीराच्या वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम दाणे त्यांना पुरतात. चहाच्या एका चमच्यात तीन ग्रॅमच्या आसपास दाणे मावतात. दोन वेळचे दोन चमचे म्हणजे रोज चार ग्रॅम जादा. अडीच दिवसांत हा जादा माल दहा ग्रॅम झाला. माशांच्या दाण्यात ३५ टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांत १६ टक्के नत्र असते हे लक्षात घेतले, तर दहा ग्रॅम दाण्यात ५६० मिलिग्रॅम नत्र होते. ते सगळे कुजून १४० लिटर पाण्यात उतरले, तर लिटरमागे चार मिलिग्रॅम अमोनियाच्या रूपातील नत्र. चांगल्या टाकीत हा आकडा शून्याजवळ असावा लागतो. त्यातही पाणी जितके उष्ण आणि जितके अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक जहाल होतो. कुजणारे अन्न पाण्यातला प्राणवायूही खाते, आणि उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. म्हणजे जमा घटत जाते आणि खर्च वाढत जातो. अशी वही किती दिवस टिकणार?

एरवी टाकी हा हिशेब स्वतःच जुळवत असते. फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करून असतात. त्यांच्यापैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट. ही वस्ती नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तिच्या कामाला मर्यादा असते. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली खळखळून धुतला तर ही वस्तीच नष्ट होते. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो. पाणी गाळून जीवाणी मूळ पाण्यात परत सोडण्याची शिस्त ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

उरलेल्या दोन माशांचे काय करावे, यावर घरात बराच खल झाला. माघात सम्मेद शिखरजीची यात्रा ठरली होती. जाऊन-येऊन दहा दिवस. मुलगा म्हणाला, "दादा, हे दोन परत दुकानात देऊन टाकू." वडील म्हणाले, "तो दुसऱ्याला विकेल. आपल्या घरचे पाप दुसऱ्याच्या घरी पाठवायचे, एवढाच त्याचा अर्थ." सूनबाईंनी कालव्यात सोडण्याचे सुचवले. पहिल्या ऐकण्यात ते जीवदयेचे वाटते. परंतु गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, सुमारे हजार वर्षे माणसाने पाळून, निवडून, रंगवून घडवलेला मासा. त्याचा केशरी रंग म्हणजे बगळ्या-खंड्यांना दुरून दिलेले निमंत्रण. आणि समजा तो जगलाच, तर परका मासा मोकळ्या पाण्यात शिरून मूळच्या माशांच्या पोटावर पाय देतो. उजनीच्या जलाशयात चिलापीने किती बस्तान बसवले आहे हे इंदापूर तालुक्यातल्या कोणत्याही मच्छीमाराला ठाऊक आहे. सोडून देणे हे नेहमीच मुक्त करणे असते असे नाही. तेव्हा मार्ग एकच उरला. आणलेल्या जिवांचे त्यांच्या नैसर्गिक मरणापर्यंत नीट करणे. आणि चांगली काळजी घेतली तर गोल्डफिश दहा वर्षांहूनही अधिक जगतो.

पुढचा प्रश्न दहा दिवसांच्या घासाचा. बाजारात यासाठी साधने पुष्कळ मिळतात. सगळ्यांत स्वस्त म्हणजे सुट्टीचा ठोकळा. खडूसारख्या पांढऱ्या वडीत अन्न मिसळलेले असते, वडी पाण्यात विरते आणि अन्न सुटत राहते. ते किती वेगाने सुटेल हे घरमालकाच्या हाती नसते, म्हणून हा प्रकार वहिनींच्या चमच्याचाच धाकटा भाऊ ठरतो. दुसरा प्रकार फिरत्या पिंपाचा. दोन सेलवर चालणारे लहानसे पिंप ठरल्या वेळी एक गिरकी घेते आणि त्याच्या फटीतून दाणे पडतात. फट लहानमोठी करता येते. हे साधन पुष्कळ घरांत ठीक चालते. तथापि टाकीची वाफ फटीतून आत शिरते, दाण्यांचा गोळा होतो. मग चार दिवस काहीच पडत नाही आणि पाचव्या दिवशी एकदम ढेकूळ पडते. तिसऱ्यात मळसूत्री दांडी दाणे पुढे ढकलते. त्याचे माप अधिक नेमके असते, पण तेथेही सगळा साठा एकाच कोठीत असतो. वेळ पाळणारा भाग बिघडून यंत्र चालूच राहिले, तर दहा दिवसांची शिधासामग्री एका रात्रीत पाण्यात.

मत्स्यशेतीतही नाना युक्त्या आहेत. आंध्रातील तलावांत कोंडा आणि पेंड छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून ती बांबूला बांधतात. मासे छिद्रांशी तोंड लावून लागेल तेवढे ओढून घेतात. काही ठिकाणी लोंबत्या दांडीला माशाने धक्का दिला की दाणे पडतात. तेथे पाणी एकरांत मोजले जाते, चूक पचवण्याची ताकद मोठी असते. पावापुरीच्या जलमंदिराभोवतालच्या कमळसरोवरात यात्रेकरूंनी मूठभर अन्न टाकले तर सरोवराला त्याचे काही वाटत नाही. तीच मूठ तीन फुटी टाकीत विष होते. दान तेच, हात तोच, भाव तोच. पात्र लहान झाले की माप बदलावे लागते.

घास मोजून देणे ही विद्या वालचंदनगरला नवी नाही. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून कळंबजवळच्या माळावर हे गाव १९३० च्या दशकात आकाराला आले. या मुलखात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, आणि उसाबरोबर यंत्रे आली. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, बाष्पित्रे, मोठी दंतचक्रे आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची आवरणे येथील कारखान्यात घडली. साखर कारखान्यात उसाची मोळी गव्हाणीतून चरकाकडे जाते ती एका ठरलेल्या वेगाने. मोळ्या दाटल्या की चरक अडतो, विरळ झाल्या की वाया फिरतो. बाष्पित्रात बगॅस टाकणारी फिरती पिंपे असतात. तेथेही चुलीला जास्त घास दिला तर आग गुदमरते. या कारखान्यात आयुष्य काढलेला कामगार माशाच्या घासाकडे पाहतो तेव्हा त्याला ते खेळणे वाटत नाही.

व्यापाऱ्याच्या दुकानी रोज संध्याकाळी बसणारे एक निवृत्त टर्नर होते. त्यांना सारे तात्या म्हणत. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि विचारले, "शेठ, यंत्र बिघडणारच असे धरून चाला. बिघडल्यावर काय झालेले तुम्हाला चालेल?"

शेठ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तात्या, बिघडले तर माशाला उपवास घडू दे. अजीर्ण घडता कामा नये."

सगळी रचना या एका वाक्यातून निघाली. तात्यांनी जाड ॲक्रिलिकची बशीएवढी तबकडी घेतली आणि तिच्या कडेने बारा गोल कप्पे आरपार कापले. खाली स्थिर पाट, त्याला एकच भोक. तबकडी एक घर सरकली की एक कप्पा भोकावर येतो आणि त्यातले दाणे खाली पडतात. आरंभी भोकावरचा कप्पा रिकामा ठेवायचा. म्हणजे हाती राहिले अकरा घास. तबकडीच्या आसाला बारा दात्यांचे चाक आणि ते एका वेळी एकच दाता पुढे नेणारी खिट्टी. खिट्टी ओढायला विजेच्या कुलपात असते तसले बारा व्होल्टचे सोलेनॉइड, आणि त्याला दिवसातून एकदा एक मिनिट वीज देणारा टायमर. वीज आली की खिट्टी ओढली जाते, गेली की स्प्रिंग तिला मागे आणते. टायमर बिघडून वीज चालूच राहिली तरी तबकडी एकाच घरावर थांबते. वीज गेली तर तबकडी हलत नाही. त्या एका मिनिटातच वीज जाऊन पुन्हा आली, तर फार तर दोन घास पडतील. कशीही चूक झाली तरी दहा दिवसांचा शिधा एकदम पडणार नाही. वयस्कर माणसांच्या गोळ्यांची वारवार डबी असते, तिचेच हे फिरते रूप. टायमर आपल्या आतल्या लहान बॅटरीवर वेळ सांभाळतो, म्हणून भारनियमनाने घड्याळ मागे पडण्याची भीती राहिली नाही. वाफेवर तोडगा म्हणून टाकीतल्या हवेच्या पंपाच्या नळीला फाटा काढून थोडी हवा तबकडीच्या पेटीत सोडली. आतून बाहेर वाहणारी हवा वाफेला वर चढू देत नाही.

माप ठरवायला दुकानातला तागडीकाटा उपयोगाचा नव्हता. ओळखीच्या सराफाकडे जाऊन काट्यावर वजन केले. दोन मासे मिळून ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणून दिवसाला ०.८ ग्रॅम. कागदावर ओतलेला तो ढीग पाहून नातू म्हणाला, "एवढेसेच?" गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले सरळ आतड्यात जाते, म्हणून त्याला थोडे थोडे मानवते आणि एकदम दिलेले बरेचसे न पचता बाहेर पडते, हे नातवाने शाळेत जाऊन पुढे सगळ्यांना सांगितले.

आता राहिला घास कशाचा, हा प्रश्न. आजवर आणलेल्या डबीवरची बारीक अक्षरे सूनबाईंनी पहिल्यांदाच भिंग लावून वाचली. पहिलाच घटक माशांची भुकटी, तिसरा कोळंबीची. ज्या घरात अंड्याचा अंश असलेले बिस्किट येत नाही, त्या घरात रोज माशालाच मासा खाऊ घातला जात होता. गोल्डफिश सर्वाहारी असल्यामुळे येथे वाट निघाली. वनस्पतिज अन्न त्याला चांगले मानवते. सोयाबीनचे पीठ, गव्हाचे पीठ, वाळलेल्या वाटाण्याची पूड, पालकाची पूड आणि स्पिरुलिना नावाच्या पाणशेवाळीची भुकटी एकत्र मळून, वाफवून, सोऱ्यातून बारीक शेवेसारखी पाडली. सावलीत कडक वाळवून तिचे दाणे मोडले. वाफवल्याने पिठातील पिष्ट चिकटते आणि दाणा पाण्यात लगेच विरघळत नाही. जीवनसत्त्वांचे आणि क्षारांचे चिमूटभर मिश्रण पशुखाद्याच्या दुकानातून, त्यातील घटक विचारून आणले. अधूनमधून उकडून साल काढलेला मटार हाताने द्यायचा, हेही ठरले. मात्र ही सोय सगळ्या माशांना नाही. फायटर, ऑस्कर, अरोवाना हे मांसाहारी मासे आहेत. त्यांना शाकाहार लादणे म्हणजे हळूहळू उपाशी मारणे. ज्याचा घास आपल्या घरात शिजू शकत नाही, तो जीव शोभेसाठी आणू नये, इतका साधा नियम त्यातून निघतो.

कप्पे भरताना शेठनी पंचांग काढून अष्टमी आणि चतुर्दशी पाहिली आणि त्या दोन दिवसांचे कप्पे रिकामे ठेवले. सूनबाई हसून म्हणाल्या, "दादा, व्रत तुमचे आणि उपवास माशांना? तुमचा अन्नपाननिरोध तो हाच ना?" शेठही हसले. पण उत्तर त्यांच्याजवळ होते. आठवड्यातून एखादा दिवस माशांना अन्न न देणे टाकीच्या पाण्याला हितकारक असते, हे जाणकार सांगतात. त्यांनी केवळ तिथी सोयीची निवडली होती. तरी सूनबाईंचा मुद्दा वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. आपला संयम आपल्या अंगावर घ्यायचा असतो. परावलंबी जिवावर तो घालताना त्याचे हित पाहिले की नाही, एवढे तपासावेच लागते.

यात्रेपूर्वी तीन आठवडे यंत्र घरातच चालवून पाहिले. पहिल्या आठवड्यात तबकडी आणि पाट यांच्या फटीत दाणा अडकला. तात्यांनी कप्प्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, तेव्हा ते थांबले. पडलेले दाणे फिल्टरच्या प्रवाहाने कोपऱ्यात जात, म्हणून पाण्यावर नळीचे एक तरंगते कडे सोडले. दाणे त्याच्या आत पडू लागले. शेजारच्या वहिनींच्या नववीतल्या मुलीला दिवसाआड येऊन केवळ पाहण्याचे काम दिले. तिच्या हाती किराण्याच्या कागदात बांधलेल्या तीन पुड्या ठेवल्या, प्रत्येकीत ०.८ ग्रॅम, आणि डबा कुलपात टाकला. वहिनींना वाईट वाटेल, ही शंका सर्वांनाच होती. त्या स्वतःच म्हणाल्या, "बरे केलेत. समोर डबा असला की हात राहत नाही."

सातव्या दिवशी यात्रेकरू शिखरजीची सत्तावीस किलोमीटरांची वंदना करून मधुबनला उतरले होते. पायांना सूज, अंगात थकवा. तेवढ्यात फोन आला.

"आजोबा, चकती कालच्याच आकड्यावर आहे. हललेली नाही. मासे मात्र वर येऊन तोंड उघडतायत. डबा उघडायला किल्ली कुठे आहे?"

शेठनी आधी विचारले, "पाणी कसे दिसते?"

"स्वच्छ आहे."

"मग घाबरू नको, बाळा. एक पुडी घाल. परवा पुन्हा बघ, आणि तेव्हाही चकती हलली नसेल तर दुसरी घाल. किल्लीची गरज नाही."

फोन ठेवल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, आपले यंत्र फेल गेले?" त्यावर त्याच्या वडिलांनी उत्तर दिले, "यंत्र थांबले. तात्यांनी ते थांबण्यासाठीच केले होते."

परतल्यावर पाहिले तर खिट्टीची स्प्रिंग निसटली होती. तीन भरलेले कप्पे तसेच होते, एक पुडी शिल्लक होती. पाणी आरपार दिसत होते आणि दोन्ही मासे काचेपाशी येऊन नेहमीप्रमाणे तोंडे उघडत-मिटत होते. शेठनी त्या दिवशी दोन गोष्टींचा नियम घेतला. नवा मासा विकत आणायचा नाही. आणि आहेत त्या दोघांना ऐसपैस फिरता यावे म्हणून टाकीतली शोभेची दगडी किल्ल्याची प्रतिकृती काढून टाकायची. अन्नपाननिरोध टळला होता. बंध पूर्ण टळणारा नव्हता, निदान सैल करता येत होता.

या सगळ्यातून साधनाविषयी चार गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या निघतात. घास आधी मोजावा आणि मग यंत्रात भरावा; मोजण्याचे काम यंत्रावर सोपवू नये. यंत्र असे निवडावे की त्याच्या बिघाडाने उपवास घडेल, अतिभोजन नाही. प्रवासापूर्वी ते निदान पंधरा दिवस डोळ्यांदेखत चालवावे. आणि यंत्र कितीही चांगले असले तरी एक माणूस पाहणारा ठेवावा, कारण मेलेला मासा, बंद पडलेला पंप किंवा गढूळ होऊ लागलेले पाणी यंत्राला दिसत नाही. ज्यांना तबकडी, सोलेनॉइड यांचा खटाटोप नको, त्यांनी कागदाच्या मोजून बांधलेल्या पुड्या शेजारी द्याव्यात आणि डबा कुलपात ठेवावा. किराणा दुकानातली पुडी हेही एक उत्तम साधन आहे. लहान पिल्लांची टाकी मात्र याला अपवाद आहे. त्यांना दिवसातून अनेकदा अन्न लागते, म्हणून पिल्ले असतील त्या दिवसांत प्रवासच पुढे ढकलावा.

व्यापारात उधारीचा हात सैल सोडला तर गिऱ्हाईक सुखावते आणि बुडते, दुकानही त्याच्याबरोबर खाली जाते. जुने व्यापारी गिऱ्हाइकाची ऐपत पाहून उधारी देत. त्यांच्या आखडत्या हातात गिऱ्हाइकाचे हितही असे. देणाऱ्याला देण्याचा आनंद होतो, म्हणून घेणाऱ्याला तेवढे पचते असे नाही. बाह्य तपांत अनशनाबरोबर अवमौदर्यही सांगितले आहे, भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. खाणाऱ्याने पाळायचे हे तप आहे. परंतु ज्याचा घास सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात आहे, त्या मुक्या जिवाच्या बाबतीत हे तप देणाऱ्या हाताला पाळावे लागते. तो हात थांबण्याची सवय ज्या घराला लागली, त्या घरातल्या टाकीचे पाणी स्वच्छ राहते.